एक्केचाळीस दिवसांचा पाऊस

इंग्लंडात मिल्टन कीन्सच्या आमच्या घरात जेवणाची वेळ घड्याळापेक्षा धुराच्या अलार्मवरून कळत असे. आई ज्वारीची भाकरी तव्यावरून उचलून थेट गॅसच्या ज्योतीवर धरी, ती फुगून तिच्या कडेला चार काळे ठिपके पडत आणि जिन्यावरचा तो पांढरा डबा किंचाळू लागे. मग पप्पा वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममधून "आलो गं" म्हणत, आणि मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत असे. ज्वारीचे पीठ लंडनच्या एजवेअरहून येई. महिन्यातून एका शनिवारी आम्ही मोटरवेने खाली जात असू आणि परतल्यावर गाडीला आठवडाभर तिखटाचा वास येत राही. त्याआधीची सहा वर्षे अलार्म दुपारी फक्त शनिवार-रविवारी वाजायचा. मी शाळेच्या शेवटच्या वर्षाला गेले त्या शरदात तो रोज वाजू लागला, कारण पप्पा रोज दुपारी घरी जेवू लागले होते. त्यांची जागा कंपनीने रद्द केली होती. नोकरीवरून काढले असे इकडे कोणी म्हणत नाही. जागाच उरली नाही, असे म्हणतात. कायमच्या वास्तव्याचा परवाना हातात असल्यामुळे देश सोडण्याची वेळ येणार नव्हती. तरीही पप्पा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून वर जात, दार लावून घेत आणि संध्याकाळी सहाला खाली येत. आई दिवाणखान्यात बुद्धमूर्तीपुढे आणि निळ्या कोटातल्या फोटोपुढे मेणबत्ती लावी तेव्हा नेहमीपेक्षा दोन मिनिटे जास्त उभी राही. याखेरीज घरात काहीही बदलले नव्हते, आणि आमची घडी अशी न बदलण्यावरच बसलेली होती.

या विषयावर घरात चर्चा होत नसे. दर रविवारी सकाळी साडेनऊला पप्पा नागपूरला आजोबांना फोन लावत आणि स्पीकर सुरू ठेवत. आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, आवाज असा की त्यांना फोनची गरजच नसावी. ते विचारत, "काय करून राहिले रे सगळे? काम कसं आहे?" पप्पा म्हणत, "एकदम जोरात, बाबा. सगळं ठीक आहे." मग थंडीविषयी बोलणे होई, आजोबांच्या गुडघ्यांविषयी होई, आणि मी मराठी वाचते की नाही याची चौकशी होई. मी अकरा वर्षांची असताना नागपूरहून इकडे आले. माझे मराठी पातळ होऊ नये म्हणून आई रोज रात्रीच्या जेवणाआधी मला एक पान मोठ्याने वाचायला लावी, आणि त्या वाचनाचा हिशेब आजोबा रविवारी घेत.

शेजारी मिसेस व्हिटकॉम राहत. वय ऐंशीच्या पुढचे, पाठ किंचित वाकलेली. शहर नुसते आखले जात असताना, रस्त्यांच्या कडेची झाडे अजून काठ्यांना बांधलेली असताना त्या इथे आल्या होत्या. "इथे कोणालाच भूतकाळ नव्हता, म्हणून मला हे गाव आवडलं," असे त्या सांगत. मला मात्र त्या ठाऊक होत्या त्या एका सवयीमुळे. त्यांच्या मागच्या अंगणात हिरवळीच्या मध्यभागी तांब्याचा एक गोल नरसाळ्यासारखा डबा जमिनीत पुरलेला होता. रोज सकाळी बरोबर नऊ वाजता त्या त्याच्यापाशी येत, आतली बाटली काढत, पाणी एका उभ्या काचपात्रात ओतत आणि ते पात्र डोळ्यांसमोर धरून स्तब्ध उभ्या राहत. नंतर वहीत लिहीत. उन्हाळ्यात देशाची घड्याळे तासाने पुढे जात तेव्हा त्या दहाला येत, कारण पाऊस सरकारी घड्याळ पाळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. बर्फ असो, ताप असो, आमच्या कुंपणावर आजूबाजूची मुले चेंडू मारत असोत. नऊ म्हणजे नऊ. आई याला "त्यांची पूजा" म्हणे, आणि तिच्या बोलण्यात टिंगल नसे.

सप्टेंबरात त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि त्यांनी कुंपणावरून मला विचारले, "प्रज्ञा, तू विज्ञान शिकतेस ना? चार दिवस वाचून देशील?" आमचे सगळे संभाषण अर्थातच इंग्रजीत होई, इथे मी ते मला आठवते तसे मराठीत देते आहे. मी होकार दिला. त्यांनी मला काचपात्रावरची रेघ कशी वाचायची ते शिकवले. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोलगट असतो, खालची कड वाचायची, डोळा त्याच पातळीवर आणायचा, त्यासाठी गुडघे वाकवायचे. "आणि जे दिसेल ते लिहायचं. तुला जे बरं वाटेल ते नाही." मी मनात म्हटले, हे कोणी सांगायला हवे का? सतराव्या वर्षी मला सगळेच आधीपासून माहीत होते.

चार दिवसांचे काम बिनचूक केल्याचे बक्षीस म्हणून त्यांनी मला लेमन ड्रिझल केकचा तुकडा दिला आणि एक पत्र्याची ट्रंक दाखवली. त्यांचे वडील मुंबई इलाख्यात पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पिंपळखोरे नावाच्या एका धरणावर त्यांनी पंधरा वर्षे काढली, आणि मिसेस व्हिटकॉम तिथेच जन्मल्या. ट्रंकेत त्यांच्या वडिलांचे पावसाचे रजिस्टर होते, जाड कापडी बांधणीचे, पंधरा वर्षांच्या प्रत्येक दिवसाला एक ओळ दिलेले. धरणावरचा मोजणीदार रोज सकाळी पाऊस मोजून चिठ्ठी देई आणि साहेब महिन्याच्या शेवटी त्या चिठ्ठ्यांवरून स्वतःच्या हाताने स्वच्छ प्रत करत. त्यामुळे सगळे रजिस्टर एकाच अक्षरात होते, निळसर काळ्या शाईत, ओळ न चुकता. "पंधरा वर्षं, आणि एकही रिकामी जागा नाही," मिसेस व्हिटकॉम म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी ज्या पद्धतीने उच्चारले, त्यावरून मला कळले की घरात पाहुण्यांना दाखवायची वस्तू हीच आहे. इंग्लंडला परतल्यावर वडिलांना एका गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात साधे टेबल मिळाले होते. हिंदुस्थानाविषयी ते पुन्हा बोलले नाहीत. रजिस्टर तेवढे त्यांनी जवळ ठेवले. वसंतात त्या मुलाकडे डेव्हनला राहायला जाणार होत्या आणि जाण्याआधी ते एका संग्रहालयाला देणार होत्या, सोबत एक कार्ड ठेवून: अखंड नोंद.

मला त्या रजिस्टरमध्ये माझा प्रकल्प दिसला. विद्यापीठाच्या मुलाखतीला जाताना हातात स्वतःचे काहीतरी असावे, अशी माझी तेव्हा जिद्द होती. वर्गातली इतर मुले पुस्तकातले प्रयोग नव्याने करणार होती. माझ्याकडे कोणीही न पाहिलेली पाच हजारांहून अधिक निरीक्षणे असणार होती. मिसेस व्हिटकॉमनी अट घातली की रजिस्टर घराबाहेर जाणार नाही. म्हणून दर गुरुवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसू लागले. त्या समोर बसून त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आजीला लिहिलेली पत्रे तारखेनुसार लावत. मधून मधून एखादा उतारा वाचून दाखवत, आणि मी आकडे टाइप करता करता ऐकत असे.

शाळेत साम्राज्य हा विषय ट्यूडर राजे आणि महायुद्ध यांच्यामधल्या फटीत दोन तासांत उरकला होता. त्या पत्रांत मात्र ते पंधरा वर्षे चालले होते, आणि हळूहळू, मला वाटते लिहिणाऱ्याच्या नकळत, त्याचा सूर बदलत होता. सुरुवातीच्या पत्रांत आत्मविश्वास इतका सहज होता की तो आत्मविश्वास आहे हेही जाणवू नये. धरण झाले, पाणी आले, लोक आनंदी आहेत. मग एखाद्या पत्रात दुखावलेपण येई: बाजारात विलायती कापडाची होळी झाली, ज्यांच्या शेताला मी पाणी दिले तेच पुढे उभे होते. मग समजूत: ही चार पोरे आहेत, यांना कोणी शिकवले आहे, शहाणी माणसे आमच्याकडे आहेत. पुढे पुढे लोक पत्रांतून जवळजवळ नाहीसेच होत आणि फक्त दगडकाम उरे. सांडव्याची दुरुस्ती, भिंतीतली गळती, चुन्याचे प्रमाण. मला तेव्हा कोणत्याही गोष्टीचा आलेख काढल्याशिवाय चैन पडत नसे. मी पत्रांतल्या वाक्यांना रंग दिले: अभिमान हिरवा, तक्रार पिवळी, भीती लाल, दगडकाम करडे. वर्षे पुढे सरकत गेली तसे पान करडे होत गेले. मी ते मिसेस व्हिटकॉमना दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "हो. जेवतानाही ते असेच होते."

त्या स्वतः त्या काळाविषयी फार बोलत नसत. त्यांच्या मराठीत जेमतेम दहा शब्द उरले होते आणि ते सगळे हुकूम होते: पाणी आण, इकडे ये, चूप बस. एकदा ते म्हणून दाखवल्यावर त्यांनाच ते ऐकू आले असावेत, कारण त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सहा वर्षांच्या मुलीला हे कोणी शिकवलं असेल?" मी म्हटले, "शिकवावं लागलं नसेल." यावर त्या मोठ्याने हसल्या आणि मला आणखी एक तुकडा केक वाढला. एक नाव मात्र त्या वेगळ्या आवाजात घेत. धोंडी. पाऊस मोजणारा तोच. तो त्यांना काचपात्र हातात धरू देई, गुडघे कसे वाकवायचे ते दाखवी. आमच्या कुंपणापलीकडे रोज नऊला चालणारी पूजा कोणाची होती, ते मला तेव्हा समजले.

हे सगळे मी रविवारी आजोबांना सांगितले. मला वाटले होते ते साहेबावर चिडतील. ते म्हणाले, "हे पाय पोरी, माझ्या बापाचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं ते रेल्वेच्या मस्टरवर. साहेबानं लिहिलं. गावानं तर तेही नव्हतं लिहिलं. आता यावरून तू साहेबाला चांगला म्हणू नको. पण त्याचं रजिस्टर वाचून राहिली तर नीट वाच. त्यात आपली माणसं असतात, बारीक अक्षरात." मग त्यांनी पप्पांना विचारले, "काम कसं आहे?" आणि पप्पा म्हणाले, "एकदम जोरात, बाबा. सगळं ठीक आहे."

नोव्हेंबरात मी बेचाळीस सालापाशी आले. आता माझे पोट याच कामावर चालते: जगभरच्या पावसाच्या नोंदी तपासायच्या आणि कोणती खरी, कोणती ओढूनताणून बसवलेली, ते ठरवायचे. म्हणून आज मला ती गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत दिसली असती. तेव्हा दोन गुरुवार लागले. काचपात्रावर इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत रेघा होत्या. खरा पाऊस मोजला तर शेवटचा आकडा शून्यापासून नऊपर्यंत काहीही येतो. निसर्गाला गोल आकड्यांची आवड नाही. पंधरा वर्षे साधारण तसेच होते. फक्त ऑगस्टच्या मध्यापासून पुढचे एक्केचाळीस दिवस प्रत्येक आकडा शून्याने किंवा पाचाने संपत होता. शेऱ्यांच्या रकान्यातही तेच. एरवी तिथे काहीबाही असे: पश्चिमेला वीज, डब्याखाली विंचू, शेळी पाणी प्यायली, नोंद संशयास्पद. त्या एक्केचाळीस दिवसांत मात्र दोनच शब्द, ओळीमागून ओळ: नेहमीप्रमाणे. शांत. गावोगावी चळवळ पेटलेली असतानाचे ते दिवस. त्या दिवसांत डब्यापाशी कोणी गेलेच नव्हते. पुण्याच्या वेधशाळेला जाणाऱ्या तक्त्यात रिकामी जागा चालत नसे, म्हणून साहेबांनी टेबलाशी बसून पाऊस लिहिला होता.

मला अत्यानंद झाला, हे कबूल करायला हवे. मी शोध लावला होता. पुढच्या गुरुवारी मी दोन आलेख रंगीत छापून नेले आणि चहा ओतला जात असतानाच सांगू लागले. मी "बनावट" हा शब्द वापरला. दोनदा वापरला असावा. मिसेस व्हिटकॉमनी आलेख हातात घेतले, चष्मा लावला, खालची कड वाचावी तसे डोळे त्या पातळीवर आणून पाहिले. मग कागदाची नीट घडी घातली.

"चहा गार होतोय," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला पटत नसेल तर मी पुन्हा मोजते."

"तू बरोबर मोजलं असणार. आज एवढं पुरे, प्रज्ञा."

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांना सर्दी झाली होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी कोणी पाहुणे येणार होते. सकाळी नऊला त्या अंगणात येत, वाकत, लिहीत आणि आमच्या खिडकीकडे न पाहता आत जात. मुलाखतीला दहा दिवस उरले होते. माझी तक्रार मी जेवताना मांडली: नोंद खोटी आहे, हे सिद्ध झालेले आहे, आणि ज्या व्यक्तीने मला "जे दिसेल ते लिही" असे शिकवले तिलाच ते बघवत नाही.

आई म्हणाली, "तू त्यांच्या वडिलांना खोटारडं म्हणालीस, त्यांच्याच टेबलाशी बसून, त्यांचाच केक खात."

"मी आकड्यांना म्हणाले."

"आकडे कोणाचे होते?"

भाकरीचा तुकडा वांग्याच्या भरतात बुडवून पप्पांनी तो तसाच हातात धरला होता. "त्या माणसाला फसवायचं नसेल गं," ते म्हणाले. "वरच्यांनी एकदा प्रॉब्लेम आहे हे ऐकलं की मग ते आणखी पन्नास प्रश्न विचारतात. उत्तर तर आपल्याकडे नसतंच. म्हणून मग माणूस 'ठीक' लिहितो. पुढच्या आठवड्यात खरंच ठीक होईल असं वाटतं ना." आईने त्यांच्याकडे पाहिले आणि त्यांच्या ताटात आणखी भरीत वाढले. मी सतरा वर्षांची, आकड्यांत तरबेज. पण ते कोणाविषयी बोलत होते, हे मला त्या क्षणी कळले नाही.

शनिवारी दुपारी दारावर टकटक झाली. मिसेस व्हिटकॉम आमच्या घरी आजवर कधी आल्या नव्हत्या. आईने त्यांना स्वयंपाकघरातच बसवले, कारण तिथेच ऊब होती, आणि पोह्यांची बशी पुढे ठेवली. त्यांनी चमच्याने चार घास खाल्ले, नाक पुसले, "तिखट आहे, पण थांबवत नाही," असे म्हणाल्या आणि पर्समधून एक पाकीट काढले. त्यात त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईला लिहिलेले एक पत्र होते. आजीला लिहिलेली पत्रे त्यांनी मला वाचून दाखवली होती. हे कधीच नाही. बेचाळीसच्या त्या पावसाळ्यात त्या आणि त्यांची आई पाचगणीला होत्या आणि वडील धरणावर एकटे होते.

त्यांनी ते स्वतःच वाचले. मजकूर असा होता: बाजार बंद आहे. तारा कापल्या आहेत. धोंडी नऊ दिवस आला नाही. तो मिरवणुकीत दिसल्याचे सांगतात. बारा वर्षे तो माझ्या दारात रोज आला, आणि मला वाटत होते की तो माझा माणूस आहे. पोलिसांनी नावे मागितली, मी त्याचे दिले. पाऊस मी अंदाजाने लिहितो आहे. तक्ता गेलाच पाहिजे. वर आम्ही सारे 'शांत' असेच लिहितो, आणि वाचणारेही त्याहून वेगळे काही मागत नाहीत.

"हे मला आई गेल्यावर सापडलं," मिसेस व्हिटकॉम म्हणाल्या. "म्हणजे तुझे आलेख पाहून मला धक्का बसला नाही. एक्केचाळीस हा आकडा तेवढा माहीत नव्हता." त्यांनी पत्राची घडी घातली. "मला तिथूनच शाळेत पाठवलं. धरणावर मी परत गेले नाही. त्याचं काय झालं ते मी वडिलांना कधी विचारू शकले नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. तुझ्या आलेखात एक्केचाळीस दिवसांनंतर आकडे पुन्हा खरे होतात ना?"

"हो."

"कोण मोजत होतं, ते सांगता येईल का तुला? तो होता, की दुसरा कोणी?"

आयुष्यात नंतर मला अनेकांनी अनेक प्रश्न विचारले. मुलाखतीत विचारले, नोकरीत विचारले. ज्याचे उत्तर इतके हवे होते असा प्रश्न कोणी विचारल्याचे आठवत नाही. मी म्हटले, "रजिस्टर पुन्हा बघावं लागेल." त्या म्हणाल्या, "चल मग." आईने पोह्यांचा डबा बरोबर दिला.

अक्षर तर सगळे साहेबांचेच होते. पण मोजणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोळ्याला सवय असते. काही आकडे तो नकळत जास्त वाचतो, काही टाळतो. धोंडी दरवर्षी आषाढातल्या जत्रेला आठवडाभर रजेवर जाई आणि शेऱ्यात तशी नोंद असे: मोजणीदार रजेवर, शिपायाने वाचले. म्हणजे माझ्याकडे तुलनेला दोन माणसे होती. मी सगळे आकडे वेगळे काढले. धोंडीच्या बारा वर्षांत शेवटी सात जवळजवळ येतच नव्हता. सहा येई, आठ येई. सात मात्र त्याच्या डोळ्याला सापडतच नसावा. शिपायाच्या आठवड्यांत सात इतर आकड्यांइतकाच येई, म्हणजे दोष काचपात्राचा नव्हता. मग मी एक्केचाळीस दिवसांनंतरचे महिने घेतले, पुढची दोन वर्षे घेतली. मिसेस व्हिटकॉम माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

सात नव्हता.

"तो परत आला," मी म्हटले. "हा शंभर टक्के पुरावा नाही, हे आधी सांगते. पण दुसऱ्या माणसाचा डोळा नेमका असाच असण्याची शक्यता फार थोडी आहे."

त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढले आणि बेचाळीसव्या दिवसाच्या ओळीवर बोट ठेवले. तिथला शेरा मी टाइप केला होता, वाचला नव्हता. साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: डब्यात बेडूक. बाहेर काढला.

"बेडूक," मिसेस व्हिटकॉम म्हणाल्या. "त्याला माहीत होतं मला बेडूक आवडतात. तो मला दाखवून मग सोडायचा." त्या खुर्चीवर बसल्या. त्या रडल्या असे मी म्हणणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि बराच वेळ पुन्हा लावला नाही. मग म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी त्याचं नाव दिलं. आणि तरीही त्याला परत घेतलं, किंवा तो परत आला. यातलं काय झालं ते तुझे आकडे सांगणार नाहीत."

"नाही."

"चालेल. एवढं पुष्कळ आहे." त्यांनी पोह्यांचा डबा उघडला आणि विचारले, हे पुन्हा गरम करतात का.

संग्रहालयासाठी लिहिलेले कार्ड त्यांनी फाडले. नवे कार्ड त्यांनी पेन्सिलीने लिहिले आणि मला तपासायला दिले. त्यावर धोंडीचे नाव पहिले होते, मोजणीदार म्हणून; वडिलांचे दुसरे, प्रत करणारे म्हणून. खाली एक ओळ: एक्केचाळीस दिवस मोजलेले नाहीत, त्या दिवसांच्या जागा रिकाम्या समजाव्यात. मी "बनावट" हा शब्द प्रकल्पातून काढला आणि त्या जागी "अंदाजित" लिहिले. आज माझ्या कामातही मी तोच शब्द वापरते, आणि त्या पुढे मोजणाऱ्याचे नाव मिळाले तर तेही लिहिते; माझे सहकारी याला माझी खोड म्हणतात. मुलाखतीत समोरच्या प्राध्यापकबाईंनी विचारले, नोंदीत खोट आहे हे कळल्यावर तिची किंमत कमी झाली का? मी म्हटले, वाढली. आता आपल्याला पावसाशिवाय आणखीही काही कळते. त्यांनी काहीतरी लिहून घेतले. प्रवेश मिळाला.

पण या प्रकरणाचा शेवट मुलाखतीपाशी होत नाही. तो त्याआधीच्या रविवारी झाला, कार्ड लिहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी. मिसेस व्हिटकॉम नऊची नोंद घेऊन आमच्याकडे आल्या होत्या, रिकामा डबा परत करायला, आणि आईने त्यांना चहाला थांबवले होते. साडेनऊला पप्पांनी नागपूरला फोन लावला. मी उत्साहाने आजोबांना धोंडीची सगळी हकीगत सांगितली. आकडे, सात, बेडूक. आजोबांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "म्हणजे शून्य न् पाच पाहून तू पकडलं त्याला?"

"हो. आणि शेरा रोज तोच होता. खऱ्या नोंदी अशा एकसारख्या नसतात."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "राजू आहे का तिथं? दे त्याला."

पप्पा फोनजवळ सरकले. "बोला बाबा."

"काम कसं आहे रे?"

पप्पांनी तोंड उघडले. आई गॅसकडे पाठ करून उभी होती. तिने हातातला पिठाचा गोळा खाली ठेवला. मिसेस व्हिटकॉमना शब्द कळत नव्हते, पण खोलीतली शांतता त्यांना कळली असावी, कारण त्यांनी कप बशीवर ठेवला नाही, हातातच धरून ठेवला.

"बाबा," पप्पा म्हणाले, "काम नाहीये. सप्टेंबरपासून नाहीये."

"मालूम आहे," आजोबा म्हणाले. "अकरा रविवार झाले, तू एकच वाक्य बोलून राहिला. एकदम जोरात, सगळं ठीक आहे. आधी कसा सांगायचा, मॅनेजर असा आहे न् ट्रेन अशी लेट आहे. मी तुझ्या आईला म्हटलं, पोरगा वाचून दाखवते हे." पलीकडे कोणीतरी त्यांना पाणी दिल्याचा आवाज आला. "आता सांग. पहिल्यापासून. मले घाई नाही."

पप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि सांगायला सुरुवात केली. आईने उरलेली भाकरी ज्योतीवर धरली, ती फुगली, आणि अलार्म वाजू लागला. मी टॉवेल घेऊन खुर्चीवर चढले. वारा घालता घालता मला खालून पप्पांचा आवाज ऐकू येत होता, अडखळणारा, कोणताही शब्द आधीच्या शब्दासारखा नसलेला.